पुस्तकातलं चौथं नाव

१

नाशिकमध्ये द्वारकेवरून आग्रा रोडला लागलं की डाव्या हाताला टायरवाल्यांची रांग आहे. तिच्या शेवटी आमचं गॅरेज. पुढे शटरची एक खोली, मधे दार, मागे पत्र्याची शेड. वडील शेडमध्ये गाड्यांखाली झोपलेले असतात आणि मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसते. वडिलांना मी दादा म्हणते. बी.ए. होऊन दोन वर्षं नुसते नोकरीचे अर्ज टाकण्यापेक्षा हे बरं म्हणून मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांची कागदपत्रं करायला लागले, आणि त्यातच रमले. रमले म्हणजे रोज भांडायला मिळतं.

गाडी विकली की ती नव्या मालकाच्या नावावर चढवायला आर.टी.ओ.त टी.टी.ओ. नावाचा फॉर्म द्यावा लागतो. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, संपलं. पण आपल्याकडे देणारा कोऱ्या फॉर्मवर सही ठोकतो आणि घेणारा तो घडी घालून ट्रंकेत टाकतो. मग गाडी वीस वर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर रस्त्याने फिरते. विचारलं तर वडीलधाऱ्यांचं उत्तर ठरलेलं, "शब्द दिलाय ना." या शब्दांनी माझं डोकं फिरतं.

म्हणून मी फॉर्म स्वतः भरते. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारते आणि फुलीचा एक पाय खाली लांब ओढते. म्हणजे कोणी भलत्या ठिकाणी सही करत नाही.

आमच्या स्वतःच्या घरात मात्र हाच प्रकार तेरा वर्षं चालू होता. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली दादांची दोनसीटर आहे. विलायती, एकोणीसशे अठ्ठावीसची, शर्यतीसाठी बनवलेली. लांबट हिरवं बॉनेट, त्याच्यावर आडवा चामडी पट्टा, तारांची चाकं, आणि बसायला फक्त दोन जागा. दादा डॉ. मुळ्यांकडे ड्रायव्हर होते. जाण्याच्या आधी डॉक्टरांनी ती गाडी त्यांना देऊन टाकली. दिली म्हणजे काय, तर कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत मुंबईहून एक जुन्या गाड्यांचे शौकीन आले. त्यांनी ताडपत्री काढायला लावली आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, अशा गाड्या आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, मी त्यांची नोंद करतोय, पहिल्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या मालकांची नावं छापणार आहे. "मालक कोण?"

दादांनी हात पुसले. "डाक्टरसायबांची हे."

ते गेल्यावर मी दादांवर तुटून पडले.

"माझी आहे म्हणायला जीभ झडली असती का?"

"पुस्तकावर त्यांचंच नाव हे. खोटं कशाला बोलू?"

"तेरा वर्षं तिच्याखाली पाठीवर पडून कोण झिजलं? छापणार कोणाचं नाव? डॉक्टरांचं."

"नाव लावल्यानं लय पळती का ती?" दादा हसून म्हणाले. "ऱ्हाऊ दे बाई. मला नाय नड."

मला होती. मी ट्रंक उघडली. गाडीच्या नोंदणी-पुस्तकात मालकांची तीन नावं होती. देवळालीचे बेजनजी खरास, मालेगावचे हाजी यासीन, नाशिकचे डॉ. मुळे. चौथी ओळ मोकळी होती. पुस्तकात घडी घातलेला पिवळा पडलेला फॉर्म, त्यावर डॉक्टरांची सही.

सहीखाली पेन्सिलीची बारीक फुली होती. एक पाय खाली लांब ओढलेला.

मी हा फॉर्म पूर्वी कधीतरी काढून पाहिला असेल आणि सवयीने फुली मारली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण सही फुलीच्या वरून गेलेली होती. शाई वर, पेन्सिल खाली.

२

डॉक्टरांच्या वारसाचं हरकत नसल्याचं पत्र असलं की काम पक्कं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला मुळे काकूंकडे गेले. लहानपणी दादांचा डबा घेऊन मी त्या बंगल्याच्या फाटकापर्यंत जायची. आत कधी गेले नव्हते.

काकूंनी दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या, पण ताठ. माझ्याकडे बघून त्यांनी दार आणखी उघडलं नाही, मिटलंही नाही.

"तू," त्या म्हणाल्या. मग बाजूला झाल्या. "ये. बस तुझ्या जागेवर."

बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. मी पहिली धरली.

"तिथे नाही ना बसलीस. खिडकीपाशी बसली होतीस."

"काकू, मी घरात पहिल्यांदाच येतेय. मी सावळीराम ड्रायव्हरची मुलगी, संघमित्रा."

"सावळीरामची होय." त्यांनी हे नीट ऐकून घेतलं. "ते तेव्हा सांगितलं नाहीस."

पंख्याला कुठेतरी तार लागत होती. टक, टक. मी घाईने कामाचं बोलले. पत्र मी लिहूनच आणलं होतं. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं, एकेक ओळ बोट ठेवून. माझा पाय हलायला लागला. म्हाताऱ्या माणसांना एका पानाला एवढा वेळ का लागतो, मला कळत नाही.

"तेव्हा तुला घाई नव्हती," काकू मान वर न करता म्हणाल्या. "दुपारभर बसली होतीस. हे दवाखान्यातून यायचे होते. मी सरबत दिलं, ते तसंच ठेवलंस."

"कधी?"

"हे जायच्या आधी. एकोणीस वर्षं ती गाडी यांनी कोऱ्या फॉर्मवर वापरली. तुझ्या दादांना द्यायची ठरली तेव्हा म्हणाले, तसाच फॉर्म पुढे देऊ. तू यांना पटवलंस. आधी तुमचं नाव चढवा, मग रीतसर द्या. हे कोणाचं ऐकत नसत, पण तुझं ऐकलं."

"काकू, एकाहत्तरमध्ये मी दहा वर्षांची होते."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही. भाजी निवडताना पाहतात तसं.

"हो, तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि पत्रावर सही केली. "नाव चढलं आणि आठव्या दिवशी गेले. सकाळचा दवाखाना करून आले आणि हात धुवायला बेसिनपाशी उभे होते. नळ चालूच राहिला बघ. मला वाटलं हात धुताहेत."

मी पत्र घेतलं. दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, "आता कोणाचं नाव चढवतेस?"

"दादांचं."

काकूंनी दार लावून घेतलं. मी फाटक लावलं तेव्हा आतून कडी आणि तिच्यामागून दुसरी कडी लागल्याचा आवाज आला.

सायकलवर मी हिशेब लावला. एखाद्या एजंटकडे माझ्यासारखी दिसणारी मुलगी कामाला असेल. नाशिकमध्ये दोन वेण्यांच्या सावळ्या मुली काय कमी आहेत? फुली मारायची पद्धतही त्या काळी सगळ्यांचीच असेल. आणि काकूंचं वय झालंय. हे सगळं पटण्यासारखं होतं. मी ते तीनदा स्वतःला सांगितलं, म्हणजे पटलं नव्हतं.

३

आर.टी.ओ.तल्या त्या टेबलावर सहादू आहेर म्हणून कारकून होते. माझ्याशी त्यांचं बरं जमायचं, कारण माझे फॉर्म परत करावे लागत नसत.

"मित्राताई, फॉर्म ठीक आहे, वडिलांची सही राहिलीय तेवढी घ्या. पत्रही ठीक आहे," ते म्हणाले. "पण पुस्तकात इंजिन नंबरावर खाडाखोड आहे. बावन्न साली झालेली, खाली कोणाची सही नाही. त्या वेळच्या मालकाकडचा एखादा जुना कागद आणा. मग मी डोळे मिटून नाव चढवतो."

"म्हणजे मालेगावला जाऊ?"

"नाहीतर राहू द्या. तुमचे वडील तर म्हणतात मला नकोच."

"त्यांना काय हवंय ते मला कळतं."

आहेरांनी जुनं रजिस्टर काढलं, नंबर ताडून बघायला. पानं एकमेकांना चिकटली होती. खरास यांच्या नावापुढे लाल शाईत 'मालक मयत' असा शेरा आणि तारीख. नाव चढल्याची तारीख शेजारीच. मी न विचारता वजाबाकी केली. आठ दिवस.

हाजी यासीन यांच्या नावापुढेही लाल शेरा. मार्चची तीन तारीख, मार्चची अकरा.

"काय झालं?" आहेरांनी विचारलं.

"काही नाही. ही माणसं नाव चढवल्यावर लगेच गेली."

"तब्येत बिघडली की मग माणसाला कागद आठवतात हो. धडधाकट असताना इथे कोण येतंय?"

हे अगदी बरोबर होतं. मी हेच माझ्या शब्दांत म्हटलं असतं. बाहेर पडताना मला बरं वाटलं. पण डॉक्टर आजारी नव्हते, ते सकाळचा दवाखाना करून आले होते, हे काकूंनी सांगितल्याचं फाटकापाशी आठवलं.

घरी दादांना विचारलं, "डॉक्टर गेले त्या आठवड्यात सहीला कोणी मुलगी आली होती?"

"आली आसंल," दादा म्हणाले. त्यांचं अर्धं अंग गाडीखाली होतं. "कागदाचं मला काय कळतंय?"

"आली असेल की आली होती?"

"किती खेकसती गं. तुझी आई मला कवा आशी बोलली नाय."

मी पाना त्यांच्या हातात दिला आणि बाहेर आले.

४

मालेगावात हाजी यासीन यांचं घर सापडायला त्रास झाला नाही. मागांच्या खडखडाटात पुरती बुडालेली गल्ली, प्रत्येक ओट्यावर सायकल. त्यांचा मुलगा इस्माईल शेठ, पन्नाशीकडे आलेला, कारखान्याच्या दारात उभा राहून कोणाला तरी ओरडत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओरडणं अर्धवट राहिलं.

त्याने आत हात केला. एकेक करून माग बंद झाले. शेवटचा थांबला तेव्हा गल्ली इतकी गप्प झाली की शेजारचे लोक बाहेर येऊन बघायला लागले.

"अंदर मत आना," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, अजिजीने. "जो पूछना है उधरसेच पूछो."

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. गाडीचा जुना कागद, इंजिनाचा नंबर.

"नाव दुसरं सांगितलं म्हणून काय होतं," तो मराठीत म्हणाला. "मी पंधरा वर्षांचा होतो. ह्याच ओट्यावर बसली होती. अकरा वर्षं अब्बांनी गाडी कोऱ्या कागदावर चालवली, कोणाला काय तकलीफ नव्हती. ती म्हणाली, हाजीसाहेब, तुमची गाडी दुसऱ्याच्या नावावर कशाला? सगळं तिनेच लिहिलं. बाएँ हाथ से. अब्बा म्हणाले, बेटी, डाव्या हाताने लिहू नये. ती हसली."

मी पेन पर्समध्ये ठेवलं. ते माझ्या डाव्या हातात होतं. शाळेत त्या हातावर मी किती छड्या खाल्ल्यात.

"माझ्यासारखी दिसत होती असेल," मी म्हटलं.

"मी सत्तेचाळीसचा झालो, ताई." माझ्याकडे पाहायचं टाळत त्याने तोंड पुसलं.

माझा आवाज चढला. लोक उभे होते म्हणून जास्तच चढला. "तुम्हाला काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हणा. मी पासष्ट मैलांवरून भांडायला आलेले नाही. मला एक कागद हवाय."

तो ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. एखाद्या खोलीत चुकून शिरल्यावर येतं तसं.

"वो ऐसे नहीं बोलती थी," तो स्वतःशी म्हणाला. "कभी नहीं." मग मला म्हणाला, "कोणाचं नाव चढवतेस?"

"माझ्या वडिलांचं."

"घरी आहेत? एकटे?"

"हो."

"सही केली त्यांनी?"

"अजून नाही. ते करतच नाहीत. त्यांना नको आहे."

"फिर तुम यहाँ क्या कर रही हो?"

तो आत गेला. येऊन त्याने एक घडीचा कागद ओट्याच्या कडेवर ठेवला, वर दगड ठेवला आणि चार पावलं मागे सरला. मी तो उचलला नाही. मी स्टँडकडे पळत सुटले होते.

५

एस.टी.ला नाशिकपर्यंत तीन तास लागतात. एप्रिलची दुपार, खिडकीच्या गजाला हात लागला तरी भाजत होता. चांदवडच्या घाटात गाडी सावकाश चढली आणि मला ड्रायव्हरच्या पाठीत बुक्का मारावासा वाटला.

मी विचार करायचा प्रयत्न केला. समजा, खरंच कोणी येतं. नाव चढवायला लावतं. खरास, हाजी, डॉक्टर, तिघांनीही कोऱ्या कागदावर गाडी वर्षानुवर्षं वापरली आणि काही झालं नाही. दादांनीही तेरा वर्षं वापरली. कागद कोरा होता म्हणूनच वापरली. ज्या आळसाला, ज्या 'शब्द दिलाय ना'ला मी शिव्या घालत होते, त्यानेच त्यांना राखलं होतं. आणि मी पत्र मिळवलं, फॉर्म भरला, टेबलावर पुस्तकासकट उघडा ठेवून आले.

मग मी स्वतःवरच वैतागले. शिकलेली बाई मी. धम्माच्या वर्गात लहान पोरांना शिकवते की भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नाही. दोन माणसांच्या जुन्या आठवणी आणि तीन तारखा, याच्यावर मी घाम फोडून घेतला होता. दादा सही करणारच नाहीत. मी महिनाभर डोकं फोडलं तरी केली नाही. ते जगात फक्त माझंच ऐकत नाहीत.

पिंपळगावला बस थांबली. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मग ती जाईना. ते माझं ऐकत नाहीत, कारण मी खेकसते.

द्वारकेला उतरले तेव्हा अडीच वाजले होते. टायरवाले गोटीराम मामा दुकानाच्या सावलीत पेपरने वारा घेत होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"अगं, मघाशी तर आत गेली ना? पुन्हा बसमधून कशी उतरली?"

मी थांबले नाही.

६

शटर कमरेपर्यंत खाली होतं. दुपारी दादा ते तसंच ठेवतात. मी वाकून आत शिरले. टेबलावर पुस्तक नव्हतं. फॉर्मही नव्हता. माझी खुर्ची मागे सरकवलेली होती, मी उठल्यावर जशी असते तशी.

मधलं दार आतून लावलेलं. पलीकडे दादा हसत होते. मनापासून, पोट धरून. आई गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

"आन मग?" दादा म्हणाले.

उत्तर आलं ते मला कळलं नाही. आवाज हळू होता. पण चाल कळली. माझं बोलणं जिथे तुटतं तिथे ते तुटत होतं. फक्त त्याला कुठे पोचायची घाई नव्हती.

दाराच्या फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. मी डोळा लावला.

ताडपत्री काढलेली होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे बॉनेटवर पडले होते. दादा गाडीत बसले होते. तेरा वर्षांत मी त्यांना त्या जागेवर नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. गाडी चालवायची तेवढ्यापुरते बसत, एरवी बाजूला उभे राहत. शेजारच्या जागेवर कोणीतरी होतं. मला पाठ दिसली. दोन वेण्या. सकाळी मी घालून गेले होते तेच निळं पोलकं. दादांनी स्टिअरिंगवर पुस्तक टेकवलं होतं, त्यावर फॉर्म, आणि शेजारची व्यक्ती फॉर्मचा कोपरा धरून बसली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून.

मी दारावर दोन्ही हातांनी मारलं. "दादा, सही करू नका. ती मी नाही. दादा, मी इथे आहे."

दादांनी मान वर केली. "कोन वरडतंय गं भाएर?"

"गिऱ्हाईक आसंल," ती म्हणाली. दादांच्या बोलीत. मी कॉलेजात गेल्यावर सोडून दिली ती बोली. "त्याला वाट बघू द्या. तुमी सावकाश करा, दादा. मी बसली हे ना."

मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. शिव्या असतील. दादांच्या कपाळाला आठी पडली, माझ्या आवाजाने नेहमी पडते तशी. मग त्यांनी शेजारी बघितलं आणि ती आठी गेली. त्यांचं पेन हललं. दादांची सही लांब असते. चौथीपर्यंत शिकलेला माणूस नाव पूर्ण लिहितो. मी प्रत्येक अक्षराला दारावर मारत होते.

कडी निखळली तेव्हा मी आत पडले. गाडीत दादा एकटे होते. मागच्या गल्लीचं दार उघडं होतं आणि अजून हलत होतं.

"आता पुढून कशाला आली?" दादा म्हणाले. "आत्ता तर मागून गेली."

गल्लीत मी टोकापर्यंत पळाले. ऊन, उकिरडा, बांधलेली एक म्हैस. म्हैस रस्त्याच्या बाजूला मान वळवून बघत होती, कोणी नुकतं गेल्यावर जनावर बघतं तसं. मी तिथून थेट आर.टी.ओ.त गेले. रिक्षावाल्याला दामटत नेलं. आहेर टेबल आवरत होते.

"पुन्हा काय राहिलं?" ते म्हणाले. "चढवलं ना नाव. तुमच्यासमोरच तर शिक्का मारला. मालेगावचा कागदही छान मिळाला हो."

मी म्हटलं, ते खोडा. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

घरी आले तर पुस्तक टेबलावर होतं. चौथी ओळ भरलेली. शाई वाळलेली.

७

दादांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? त्यांनी पुस्तक कापडात बांधून उशाला ठेवलं. रोज एकदा गाठ सोडून नाव वाचायचे, बोट ठेवून, "सावळीराम धोंडीबा निरभवणे." मग माझ्याकडे बघायचे. इतके दिवस नको नको म्हणत होते, पण त्यांना हवं होतं. माझं तेवढं बरोबर होतं.

मी गॅरेज सोडलं नाही. टेबल शेडमध्ये आणलं, त्यांच्या खाटेशेजारी. मागच्या दाराला कुलूप घातलं. भाजी गोटीराम मामा आणून द्यायचे. मी पाच मिनिटं जरी बाहेर गेले असते, तर परत कोण आली हे दादांनी कसं ओळखलं असतं? दोघींपैकी त्यांना कोण जास्त आवडते हे मी फटीतून पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आणले. त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली, म्हणाले, ठणठणीत आहेत, तुम्हीच झोपत जा. सातव्या दिवशी दादांनी एका जीपचा क्लच बसवला.

आठव्या दिवशी दुपारी जेवून ते खाटेवर पडले. मी समोर खुर्चीत बसले. त्यांचा श्वास मोजत होते. ताडपत्री मी स्वतः गाडीवर घातली होती, चारही बाजूंनी दोरी आवळून. पत्रा तापून कडकड वाजत होता. पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी होता, नळ मी सकाळीच बंद करून चावी खिशात ठेवली होती. हे वेड्यासारखं होतं ते मला माहीत होतं.

"तू झोप की जरा," दादा म्हणाले.

"मला झोप नाही आलेली. तुम्ही गप पडा."

"बघ, पुन्हा खेकसली." ते हसले. त्यांनी हात छातीवर घेतला. नुसताच, काही दुखत असल्यासारखा नाही. "मित्रा, त्या दिवशी गाडीत किती ग्वाड बोलली गं. तुझ्या आईवानी. तशी बोल ना येकदा."

मला बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याशी हळू, मऊ बोलायचं होतं, आणि तो आवाज कुठून काढायचा ते मला येत नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा हात धरला. तोंड उघडलं.

माझ्या आधी ताडपत्रीखालून उत्तर आलं.

"बोलती ना, दादा."

दादांनी मान तिकडे वळवली.